पासिंगपुरता पाहुणा

मामाच्या यार्डात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत. एक तर अंगकाठी तशीच, उंच आणि सरळसोट. शिवाय दप्तरात स्टीलची पट्टी आणि टेप कायम. दिसेल ते मोजायचं आणि वहीत लिहायचं.

“फूटपट्टे, माझी अक्कल मोजून दे बघू,” वेल्डरने एकदा छेडलं.

“मिलिमीटरच्या खालचं माझ्या पट्टीवर नाही, काका.”

यार्डभर हशा. वेल्डरलाही इतकं हसू आलं की त्याला हातातलं काम खाली ठेवावं लागलं.

यार्ड म्हणजे पत्र्याच्या दोन शेड आणि मधे तेलाने काळं पडलेलं मैदान. इथे ट्रक यायचे ते नुसतं इंजिन आणि सांगाडा घेऊन. मामा त्यांना बॉडी बांधून द्यायचा आणि मग पासिंगला, म्हणजे सरकारी तपासणीच्या मैदानावर, स्वतः घेऊन जायचा. जुने ट्रकही वर्षातून एकदा पासिंगच्या आधी इथेच यायचे, तोंड धुऊन घ्यायला. वडील गेल्यापासून ती, आई आणि दादा यार्डामागच्या दोन खोल्यांत राहत होते. मामाने ठेवून घेतलं होतं. तो ते बोलूनही दाखवायचा, पण समोर ताट असताना नाही. एवढी माणुसकी त्याच्यापाशी होती.

ती तेरा वर्षांची असताना दादा स्कूटरवरून कामाला निघाला होता आणि वळणावर एक ट्रक बंद पडून उभा होता. “ट्रक थांबलेला होता. मी थांबलो नाही. संपली गोष्ट,” असं दादा स्वतःच सांगतो. स्कूटर ट्रकच्या पोटाखाली सहज गेली. मागच्या फळीच्या कडेने दादाचा खालचा जबडा नेला. तेव्हापासून तो घोटून पातळ केलेलं काहीबाही नळीने पितो आणि शब्द गालाच्या एका कोपऱ्यातून बाहेर ढकलतो. घरच्यांना ते कळतात. बाहेरचे नुसतं ‘हो हो’ करतात. दोन ऑपरेशनं झाली. तिसऱ्यात पायाचं हाड काढून त्याचा जबडा करणार होते. मग चावता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तिसऱ्याची जबाबदारी मामाने घेतली होती.

दादा दवाखान्यात असताना ती एकटीच टेप घेऊन पोलिसांच्या आवारात गेली. तो ट्रक तिथे उभा होता. जमिनीपासून फळीची खालची कड एकशे आठ सेंटिमीटर. स्कूटरचं हँडल अठ्ठ्याण्णव. वहीत लिहिलं. वरती तारीख घातली.

ट्रकच्या मागे, खाली, एक आडवा लोखंडी दांडा असावा लागतो. गार्ड म्हणतात त्याला. गाडी मागून आपटली तर ती गार्डला अडते, ट्रकखाली जात नाही. यार्डात असा एकच गार्ड होता. पासिंगच्या दिवशी तो बोल्टने आवळायचा, साहेबांना दाखवायचा, ट्रक परत आला की सोडवायचा आणि पुढच्या ट्रकला लावायचा. त्याचं नाव पाहुणा. “पाहुणे आले का रे?” “आले, आता बसतायत.” असं चालायचं.

तिने एकेका ड्रायव्हरला गाठून विचारलं, “तुम्ही गार्ड का काढता?”

“चढावर घासतो गं. खाणीत उतरताना अडकतो. गाडी लटकते.”

अकरा ड्रायव्हर, अकरा वेळा तेच उत्तर. तिने ते वहीत लिहिलं आणि त्यावर विश्वास ठेवला. तिला वाटलं, दोष गार्डचा आहे. गार्ड सुधारला की माणसं तो काढणार नाहीत. तिच्या हिशेबात याहून मोठी चूक सापडणार नाही, पण ती वहीत दिसण्यासारखी नव्हती.

दीड वर्ष ती त्यामागे होती. शेवटी जमलं. दोन दांड्यांवर टांगलेला गार्ड. ट्रक चढावर गेला, जमीन लागली, की गार्ड मागच्या बाजूला झुलतो आणि आपोआप खाली येतो. पण मागून कोणी आपटलं की तो पुढे जात नाही, दोन जाड ठोकळ्यांना अडतो. मागे झुलतो, पुढे अडतो. दांडे दोन पिनांवर बसवलेले, अंगठ्याएवढ्या जाड. गार्ड वाकला तर भर रस्त्यात, वेल्डिंगशिवाय बदलता यावा म्हणून पिना. आणि हादऱ्यांनी पिन सरकू नये म्हणून प्रत्येक पिनेच्या टोकाला स्प्रिंगची एक क्लिप, चकचकीत, बोटाएवढी.

शाळांच्या प्रदर्शनात बाकीच्यांचे पुठ्ठ्याचे पूल आणि बल्बची सूर्यमाला. हिचं लोखंड टेबलावर मावेना, म्हणून जमिनीवर. परीक्षक म्हणून पासिंगचे साहेब आले होते. यार्डातल्या सगळ्या गाड्या तपासायचे, तेच. बारमाही सर्दी, हातात रुमाल.

“आणि ही पिन धक्क्याने निघाली तर?”

“निघत नाही, साहेब. क्लिप हाताने ओढल्याशिवाय पिन हलत नाही. हातोडी घ्या.”

“मी?”

“घ्या की.”

साहेबांनी रुमाल खिशात घातला आणि हातोडी उचलली. वीस घाव घातले. पोरं मोजत होती. पिन जिथल्या तिथे. साहेब घाम पुसत म्हणाले, “ही पोरगी आम्हाला घरी बसवणार!” टाळ्या. पहिला नंबर. शिवाय, “हा खऱ्या ट्रकला बसवा. मी स्वतः पास करीन.”

मामाने तीन दिवसांत जाडजूड पाइपचा खरा गार्ड बनवून घेतला. तिने स्वतः लाल-पांढरे पट्टे रंगवले. चौथा पट्टा रंगवताना चिकटपट्टी सरकली आणि तो बोटभर रुंद झाला. तिला ते डाचत होतं. “राहू दे गं, तीट लागली,” वेल्डर म्हणाला.

बसवायला चार मिनिटं लागली.

“आता काढून दाखव,” मामा म्हणाला.

“काढायचा कशाला?”

“वाकला तर बदलायला लागेल ना? तूच लिहिलंयस.”

तिने क्लिपा ओढल्या, पिना सरकवल्या. साडेतीन मिनिटं. मामाने घड्याळ बघितलं, वेल्डरकडे बघितलं आणि तिच्या पाठीवर अशी थाप मारली की ती दोन पावलं पुढे गेली. “माझी भाची आहे!” तो सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं ओरडला. त्या दिवशी ती जेवलीच नाही. भूकच नव्हती, इतकी खूश.

दीड महिन्यानंतर एका दुपारी शाळेतून येताना तिला फाटकाशी पाण्याचा टँकर दिसला. मागे गार्ड. तिचा गार्ड! ती धावत गेली. दुसऱ्या गाडीलाही लावला! मग तिला चौथा पट्टा दिसला.

“मामा, किती गार्ड बनवले आपण?”

“एक.”

“मग पहिल्या ट्रकचा?”

“हाच की.”

“आणि मधल्या गाड्यांचा?”

मामाने चहाचा कप खाली ठेवला. रागावला नाही. खरोखर कौतुकाने म्हणाला, “पोरी, जुना पाहुणा बसवायला आणि सोडवायला पाऊण तास खायचा. बोल्ट गंजायचे, कापायला लागायचे. तुझा साडेतीन मिनिटांत मोकळा! पासिंगच्या मैदानाबाहेरच काढतो आणि रांगेतल्या पुढच्या गाडीला लावतो. एका दिवसात चार गाड्या झाल्या परवा. तू कामाला आलीस बघ.”

“पण आता तो घासत नाही! झुलतो! ड्रायव्हर म्हणाले होते, घासतो म्हणून काढतो...”

शेडमधले सगळे हसले. एक ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला, “अगं, तू विचारलंस म्हणून काहीतरी सांगितलं. वजन आहे ते. तेवढा माल कमी बसतो.”

ती वळून वेल्डरकडे बघायला लागली. वेल्डरने तोंडावर काच ओढून घेतली आणि काहीही जोडायचं नसताना ठिणग्या उडवायला सुरुवात केली.

घरी तिने दादाला सांगितलं. दादा नळीने पीत होता. त्याने नळी बाजूला केली, हनुवटी होती तिथलं कातडं पुसलं.

“मग? साहेबांना सांगणार?”

“सांगू?”

“सांग की. मामा आत जाईल. यार्ड बंद. आपण तिघं रस्त्यावर. मी असा. माझ्याकडे बघून लोक भीक तरी देतील,” आणि तो हसला. दादाचं हसणं बघवत नाही. “ऑपरेशनची तारीख मिळालीय मला. तोंड मिटून बस. तुला तोंड मिटता तरी येतं.”

तिने तोंड मिटलं. आपला गार्ड रोज वेगवेगळ्या ट्रकला बघत ती शाळेत जात राहिली. मोजणं मात्र थांबलं नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर ती रेघा ओढत होती, एका गाडीला एक रेघ.

चोविसावी रेघ खडीच्या ट्रकची. पासिंग झाल्यावर नवव्या दिवशी, सकाळी, तो ट्रक चहासाठी रस्त्याच्या कडेला अर्धा आत अर्धा बाहेर उभा होता. दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक मुलगी स्कूटरवरून आली. समोरून बस आली म्हणून ती कडेला सरकली आणि ट्रकखाली गेली. बावीस वर्षांची. तिला दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

पासिंगच्या फायलीत ट्रकचा फोटो होता, गार्डसकट. रस्त्यावरच्या ट्रकला गार्ड नव्हता. नुसती दोन भोकं. मधल्या नऊ दिवसांत गार्ड गेला कुठे?

गार्ड यार्डात होता, दुधाच्या गाडीला. बातमी आली तशी मामाने दुधाची गाडी आत घेतली, फाटक लावलं, गार्ड उतरवला आणि वेल्डरला गॅस कटर पेटवायला सांगितला. मग तिला हाक मारली.

“कुठे कुठे कापू, सांग. काय होतं ते ओळखू येता कामा नये.”

“मामा...”

“लवकर सांग. तुझंच आहे ना?”

ती गुडघ्यावर बसली. टेप काढला. ठोकळ्याला टेकतो तो भाग आधी, मग पिनांची भोकं, मग आडवा पाइप चार ठिकाणी. खडूने खुणा केल्या. सवयीप्रमाणे अगदी सरळ. वेल्डरने तिच्या खुणांवरून कटर फिरवला. तुकडे भंगाराच्या ढिगात गेले. क्लिपा मामाने स्वतःच्या खिशात घातल्या आणि नंतर संडासात टाकून वर दोन बादल्या ओतल्या.

“आता ऐक,” मामा म्हणाला, “साहेब तुला बोलावणार. गार्ड तुझा, कागद तुझे. त्यांनी विचारलं तर सांगायचं, पिना हादऱ्याने निघू शकतात. गार्ड रस्त्यात कुठेतरी पडला. पोराटोरांचं काम, चूक राहिली. तुला कोण फासावर देतंय? वय काय तुझं!”

“पण पिना निघत नाहीत.”

“मला माहितीये,” मामा म्हणाला. “चांगलंच माहितीये.”

घरी आई भांडी घासत होती. पाठ न वळवता म्हणाली, “भाऊ मला काही बोलला नाही हं. ऑपरेशनचं तर नावही काढलं नाही. बोलणारही नाही तो. आपणच समजायचं असतं.”

“आई, ती मुलगी मेली.”

आईने नळ मोठा केला.

तिला वाटलं होतं, दादा तरी तिच्या बाजूने उभा राहील. ज्याच्यासाठी एकशे आठ सेंटिमीटर मोजले तो.

दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. “ती मेली,” तो म्हणाला. “तू खरं बोललीस तर उठून बसेल? मी जिवंत आहे. मला चावायचंय.”

“दादा, तोच गार्ड असता तर तूसुद्धा...”

“मला चावायचंय गं,” दादा म्हणाला.

पासिंगच्या ऑफिसात साहेबांसमोर ती आणि आई बसल्या. ती सज्ञान नव्हती, म्हणून आईची सही लागणार होती. मामा बाहेर जीपमध्ये. साहेबांनी नाक शिंकरलं, दार लोटून घेतलं आणि ड्रॉवरमधून फोटोंचा गठ्ठा काढून पत्त्यांसारखा टेबलावर पसरला.

“मोजून बघ. एकोणतीस गाड्या आहेत.”

तिला मोजायची गरज नव्हती. वहीत रेघाही तेवढ्याच होत्या.

“चौथा पट्टा सगळ्यांत रुंद आहे,” साहेब म्हणाले. “मी आंधळा नाही, पोरी. पहिल्या आठवड्यातच दिसला होता मला.”

साहेबांना माहीत आहे! म्हणजे आपल्याला सांगावंच लागणार नाही!

“आणि या एकोणतीस कागदांवर माझी सही आहे,” साहेबांनी फोटो पुन्हा गोळा केले, कडा ठोकून नीट केल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली फिरवली. “म्हणून विचारतोय. एकदाच विचारीन. हादऱ्याने पिना निघू शकतात का?”

“तुम्हीच हातोडी मारली होती, साहेब. वीस वेळा.”

“मला आठवत नाही.”

आईने टेबलाखाली तिच्या मांडीवर हात ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

“निघू शकतात,” ती म्हणाली.

“का?”

“पिनेला...” साहेबांनी स्वतःचा पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “पिनेला अडकवायला काही नव्हतं.”

“लिही. तुझ्या अक्षरात. ट्रॅक्टरच्या चाकासारखं नको, सुवाच्य.”

तिचं अक्षर सुरेखच होतं. तिने चार ओळी लिहिल्या, वर तारीख घातली. साहेबांनी वाचलं. ‘क्लिप’ हा शब्द कुठे नाही ना, ते पुन्हा वाचलं. “हुशार आहेस,” ते म्हणाले. “तुझा गार्ड आम्ही असुरक्षित म्हणून नोंदवतो. आता कोणी लावायचा नाही. तुझ्यावर काही येणार नाही, काळजी करू नकोस.”

आई पुढे गेली, मामाला सांगायला. तिच्या चालीत किती दिवसांनी घाई आली होती.

बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात खडीच्या ट्रकच्या फोटोची झेरॉक्स. तिला बघून उठला.

“गार्ड बनवणारी तूच का, बाळ?”

तिने मान हलवली.

“मी तिचा बाबा.” कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही. “माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आयुष्यभर पिनाच बसवल्या. म्हणून म्हटलं, विचारावं.” त्याने झेरॉक्स तिच्यासमोर धरली. नखाने एक जागा दाखवली. “इथे, पिनेच्या टोकाला काहीतरी चमकतंय. भिंगातून बघितलं मी. हे काय आहे?”

खिडकीतून बाहेरची जीप दिसत होती. मामाने इंजिन चालू ठेवलं होतं.

“वंगण,” ती म्हणाली.

“वंगण.” त्याने कागदाची घडी घातली. “हो, वंगण चमकतं. मला उगाच वाटलं...” तो पुन्हा खाली बसला आणि तिलाही शेजारी बसायची खूण केली. “पिना निघून गार्ड पडला, असं साहेब कालच म्हणाले मला. काही लोक म्हणतायत, त्या पोरीवर खटला भरा. मी नाही म्हणालो. शिकायच्या वयात चुका होतात. माझी मुलगीही हातून काही पडलं की तासभर रडायची. मी तुझ्यावर राग धरलेला नाही. हे तुला तोंडावर सांगायचं होतं. नाहीतर तू जन्मभर मनाला लावून घेशील.”

बोलण्यासारखं जे होतं ते सगळं आत, साहेबांच्या टेबलावर, तिच्याच सुरेख अक्षरात होतं.

“एकच सांगतो,” त्याने खिशातून पेन्सिल काढली, झेरॉक्स उलटी केली आणि मांडीवर धरून काढायला लागला. आधी पिन, मग पिनेच्या टोकाला भोक, मग भोकातून जाणारी वाकडी तार, एका बाजूला सरळ, एका बाजूला पोट आलेली. रेघ नेमकी होती. “अशी क्लिप लावायची. स्प्रिंगच्या तारेची. ओढल्याशिवाय पिन हलत नाही. एवढीशी वस्तू, पण हिच्यावाचून सगळं फुकट. पुढच्या वेळी लावशील ना?”

“हो, काका.”

“नुसतं हो नको. समजलं का? काढून दाखव बघू.”

त्याने पेन्सिल तिच्या हातात दिली. बाहेर मामाने दोनदा हॉर्न वाजवला. तिने कागद गुडघ्यावर घेतला आणि क्लिप काढली. पोट उलट्या बाजूला, टोक भोकाच्या बाहेर, रेघ मुद्दाम वाकडी.

“नाही, नाही,” तो मायेने म्हणाला आणि तिचा हात हातात घेऊन तिला नीट शिकवायला लागला.